हात मोकळे, पण लक्ष कुठे?



भारतातल्या आईवडिलांना तुम्ही फोन कधी करता? मंडळाच्या गेल्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा असताना मी सहज सात-आठ जणांना हा प्रश्न विचारला. एका काकूंचा अपवाद सोडला तर सगळ्यांचं उत्तर एकच आलं : सकाळी ऑफिसला जाताना, गाडीतून.

हिशेब सरळ आहे. इथे न्यू जर्सीत सकाळचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. तिकडे चहा झालेला असतो, मालिका सुरू व्हायच्या असतात. आपण संध्याकाळी घरी निघतो तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. आणि सकाळी घरात असेपर्यंत मुलांचे डबे, मोजे, दप्तरं यातून डोकं वर निघत नाही. मग उरतात ती गाडीतली चाळीस मिनिटं. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कायदा पाळला जातो आणि आईबाबांशी बोलणंही होतं. मीही सहा वर्षं असंच करत होतो आणि त्याबद्दल मनातून स्वतःवर खूश होतो.

मग ऑक्टोबरमधली एक सकाळ आली. बाबा सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटबद्दल सांगत होते. बिल्डर किती चौरस फूट जादा देतोय, कोणी सही केली, कोण अडून बसलंय. मी ‘हं, हं’ करत मनात चौरस फुटांचा हिशेब मांडत होतो. दोन पदरी रस्ता. समोरून येणाऱ्या बाजूला पिवळी स्कूल बस उभी होती. तिचे लाल दिवे लुकलुकत होते, ‘स्टॉप’ची पाटी बाहेर आलेली होती. मी तिच्या शेजारून तसाच पुढे निघून गेलो. पाठीमागून बसचा हॉर्न जोरात वाजला तेव्हा आरशात पाहिलं. बसच्या पुढच्या टोकाशी पाठीवर दप्तर घेतलेली एक मुलगी उभी होती. रस्त्यात यायला तिचं एकच पाऊल बाकी होतं.

काही झालं नाही. बाबांनी विचारलं, “कसला आवाज झाला रे?” मी म्हटलं, “काही नाही बाबा, बोला तुम्ही.” आणि पुढची दहा मिनिटं आम्ही बिल्डरबद्दलच बोलत राहिलो. त्या प्रसंगातल्या माझ्या वाक्यांपैकी मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या वाक्याची. ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये पोहोचल्यावर मात्र हात थरथरायला लागले.

माझी नजर रस्त्यावरच होती. मी खाली पाहत नव्हतो, फोन बॅगेत होता. मग एवढी मोठी, एवढी पिवळी बस मला दिसली कशी नाही? आमच्या धंद्यात प्रोग्रॅम कोसळला की आम्ही आधी लॉग उघडून बघतो. इथे लॉग माझ्या डोक्यात होता आणि तो कोरा होता. म्हणून मग या विषयावर विद्यापीठांमध्ये जे संशोधन झालंय ते वाचायला लागलो.

पहिला धक्का असा की हा प्रश्न मोबाइलपेक्षाही जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या केंब्रिजला अप्लाइड सायकॉलॉजी युनिट नावाची संस्था सुरू झाली. यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते चालवणारा माणूस किती वेळ, किती अचूक काम करू शकतो, हे मोजणं हा तिचा उद्योग. तिथल्या आयव्हन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चालकांनी गाडी चालवायची आणि समोर दोन अडथळ्यांमध्ये फट दिसली की तीतून आपली गाडी जाईल की नाही ते ठरवायचं. त्याच वेळी फोनवरून त्यांना वाक्यं ऐकवली जात आणि ती खरी की खोटी ते सांगायचं. गाडी हाकण्याचं सवयीचं काम फारसं बिघडलं नाही. पण ‘या फटीतून गाडी जाईल का?’ हा अंदाज बिघडला. हात आपलं काम करत होते, निर्णय चुकत होते. सर्वसामान्य माणसाच्या गाडीत फोन येण्याच्या कितीतरी वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

पुढे फोन आले. टोरांटो विद्यापीठाचे डॉ. डोनाल्ड रेडलमायर आणि संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट टिबशिरानी यांनी फेब्रुवारी 1997 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापला. तो मला इंजिनिअर म्हणून फार आवडला, कारण त्याची रचना सुबक आहे. गाडीत फोन असलेले आणि अपघात झालेले 699 चालक त्यांनी घेतले आणि टेलिफोन कंपनीच्या बिलांवरून 26,798 कॉल तपासले. तुलना दुसऱ्या कोणाशी केली नाही, त्याच माणसाशी केली. अपघाताच्या आधीच्या काही मिनिटांत तो फोनवर होता का, आणि आदल्या दिवशी त्याच वेळी होता का? त्यामुळे ‘फोनवर बोलणारी माणसं मुळातच बेफिकीर असतात’ ही पळवाट बंद झाली. निष्कर्ष : फोनवर असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट. आणि त्याच लेखात, जवळजवळ तीस वर्षांपूर्वी, हेही लिहिलं आहे की हात मोकळे ठेवणारे फोन हातात धरायच्या फोनपेक्षा सुरक्षित असल्याचं आढळलं नाही.

हे वाचल्यावर मी लेख बाजूला ठेवला आणि एक कप चहा केला. कारण माझा सगळा युक्तिवाद ‘हात मोकळे आहेत’ यावर उभा होता.

युटा विद्यापीठाच्या डॉ. डेव्हिड स्ट्रेयर यांनी हात आणि डोकं वेगळं करून दाखवलं. 2001 साली त्यांनी आणि विल्यम जॉन्स्टन यांनी लोकांना पडद्यावरच्या खुणेचा जॉयस्टिकने पाठलाग करायला लावलं. मधूनच लाल दिवा लागला की ब्रेकचं बटण दाबायचं. रेडिओ ऐकताना किंवा टेपवर पुस्तक ऐकताना काही फरक पडला नाही. फोनवर संभाषण सुरू झालं की चुकलेल्या लाल दिव्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. फोन हातात असो की नसो, आकडा तोच. म्हणजे दोष कानाचा नाही आणि हाताचाही नाही, संभाषणाचा आहे. ऐकणं, समजून घेणं आणि उत्तर जुळवणं याला डोकं लागतं.

माझ्या कोऱ्या लॉगचं उत्तर 2003 च्या प्रयोगात सापडलं. गाडीच्या सिम्युलेटरमध्ये चालकांच्या बुबुळांची हालचाल टिपली आणि रस्त्याच्या कडेच्या जाहिरातींच्या पाट्या नंतर ओळखायला सांगितल्या. फोनवर बोलणाऱ्यांची नजर पाटीवर नेमकी गेली होती, यंत्राने तशी नोंदही केली होती. तरीही त्या पाट्या त्यांना खूपच कमी ओळखता आल्या. डोळे बघत होते, पण बघितलेलं आत पोहोचत नव्हतं. तेव्हा बसकडे माझी नजर गेली नसेल असं मला आता वाटत नाही. बहुधा गेलीच होती.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. एकच प्रोसेसर आणि दोन प्रोग्रॅम. दोन्ही एकदम चालल्यासारखे वाटतात, पण आत खरं म्हणजे आळीपाळीने एकेकाला वेळ मिळतो. दोघांनाही एकाच क्षणी निर्णय हवा असला की एकाला थांबावं लागतं. ज्यांना कॉम्प्युटरचं वावडं आहे त्यांनी फोडणी आठवावी. कढईसमोर उभं राहून, डोळ्यांदेखत मोहरी जळते, कारण फोनवर बहीण काहीतरी महत्त्वाचं सांगत असते. स्वयंपाकघरात निदान गॅस बंद करता येतो.

स्ट्रेयर यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग 2006 सालचा. चाळीस जणांना सिम्युलेटरमध्ये चार प्रकारे गाडी चालवायला दिली : नुसतीच, हातात फोन धरून, हात मोकळे ठेवून फोनवर, आणि एके दिवशी संत्र्याच्या रसातून व्होडका देऊन, रक्तातलं प्रमाण कायद्याच्या 0.08 टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत नेऊन. पुढची गाडी मधूनच ब्रेक मारायची. प्यायलेले लोक पुढच्या गाडीला चिकटून चालवत आणि जोरात ब्रेक दाबत. फोनवाले उशिरा ब्रेक दाबत आणि नंतर पुन्हा वेग घ्यायलाही त्यांना वेळ लागे. तीन जणांनी पुढच्या गाडीला मागून ठोकलं. तिघेही फोनवर होते. प्यायलेला त्यात एकही नव्हता. (याचा अर्थ पिऊन चालवावी असा कोणी काढू नये. मंडळाच्या दिवाळी पार्टीनंतर मला हे स्पष्टीकरण द्यावं लागलं आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो.)

आता नेहमीचा आक्षेप. शेजारी बसलेल्या बायकोशी बोलतोच ना आपण? मग फोनवर बोललं तर काय बिघडलं? हा प्रश्न माझ्या सौभाग्यवतीनेच विचारला आणि त्यावरही प्रयोग झालेला निघाला. 2008 साली युटामध्येच मित्रांच्या जोड्या घेतल्या. जिवावर बेतलं पण थोडक्यात वाचलो असा एखादा प्रसंग एकमेकांना सांगायचा, आणि सांगता सांगता सुमारे आठ मैलांवरच्या रेस्ट एरियाला गाडी वळवायची. मित्र शेजारी बसलेला असताना दहातल्या जवळजवळ नऊ जणांनी वळण बरोबर घेतलं. मित्र फोनवर असताना निम्मे लोक वळण चुकून पुढे निघून गेले. कारण शेजारी बसलेला माणूसही रस्ता बघत असतो. गर्दी दिसली की तो गप्प होतो, ‘अरे, ते वळण आलं’ म्हणतो. पुण्यात खुर्चीत बसलेल्या बाबांना माझ्यासमोरची स्कूल बस कशी दिसणार? ते आपले बिल्डरबद्दल विचारत राहणार. त्यांची त्यात काही चूक नाही.

‘मला जमतं’ हेही ऐकायला मिळतं. काहींना खरंच जमतं. वॉटसन आणि स्ट्रेयर यांनी 2010 साली 200 जण तपासले, तेव्हा 2.5 टक्के लोकांवर फोनचा काहीच परिणाम दिसला नाही. दोनशेत पाच. गंमत म्हणजे त्याच विद्यापीठात 2013 साली विद्यार्थ्यांना स्वतःबद्दल विचारलं, तर 70 टक्के मुलांना आपण एका वेळी अनेक कामं करण्यात सरासरीहून चांगले आहोत असं वाटत होतं. आणि जी मुलं असा उद्योग जास्तीत जास्त करत होती, त्यांचे चाचणीतले गुण कमी होते.

प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळे संशोधक यावर एकमताने बोलत नाहीत. व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संस्थेने खऱ्या गाड्यांत कॅमेरे बसवून महिनोन्‌महिने चित्रण केलं. त्यांचं म्हणणं, खरा घात नजर रस्त्यावरून हटल्याने होतो. ट्रकचालकांवरच्या त्यांच्या 2009 च्या निष्कर्षात मेसेज टाइप करताना अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका 23 पट निघाला. सहा सेकंदांतले 4.6 सेकंद चालकाची नजर फोनवर होती. ताशी 55 मैल वेगाने एवढ्या वेळात गाडी सुमारे 370 फूट जाते, म्हणजे अख्खं फुटबॉलचं मैदान डोळे मिटून. पण हात मोकळे ठेवून नुसतं बोलण्याने धोका वाढल्याचं त्यांना दिसलं नाही.

हे वाचून मला क्षणभर हायसं वाटलं, ते लपवत नाही. पण मग विचार केला. खऱ्या रस्त्यावर माणूस बहुतेक वेळा मोकळा रस्ता बघूनच बोलतो, त्यामुळे सरासरी चांगली निघत असावी. स्कूल बस मात्र आधी कळवून येत नाही. आणि दुसरं असं की आपले भारतातले फोन म्हणजे हवापाण्याच्या गप्पा नसतात. आईचा रिपोर्ट, बाबांची अँजिओग्राफी, भावाशी जागेवरून झालेली बोलाचाली. जे ऐकताना खुर्चीत बसलेल्या माणसाचंही भान जातं, ते आपण ताशी 50 मैल वेगाने ऐकतो. हे माझं मत आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे.

‘मी गाडीलाच सांगतो, आईला फोन लाव’ म्हणणाऱ्यांसाठीही एक आकडा आहे. 2015 मध्ये एएए फाउंडेशनसाठी स्ट्रेयर यांच्याच गटाने गाड्यांमधल्या बोलून चालणाऱ्या यंत्रणा तपासल्या. काही यंत्रणांमध्ये हुकूम देऊन झाल्यावरही लक्ष पूर्ण ताळ्यावर यायला 27 सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. तेवढ्यात सिग्नल हिरवा होऊन आपण चौक ओलांडलेलाही असतो.

आणि ज्यांच्या नव्या गाड्या आपोआप ब्रेक मारतात, आपली लेन स्वतःच सांभाळतात, त्यांनी पुन्हा केंब्रिजला जावं. 1948 साली नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारवर बसणाऱ्यांसाठी एक घड्याळ बनवलं. काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरके आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी तेवढी ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोकांच्या चुका वाढल्या. ज्यात बहुतेक वेळ काही घडतच नाही अशा गोष्टीवर पहारा देणं माणसाला जमत नाही. 2018 च्या मार्चमध्ये ॲरिझोनातल्या टेम्पी इथे चाचणीवर असलेल्या स्वयंचलित गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना धडक दिली, त्यात त्या गेल्या. गाडीत देखरेखीसाठी माणूस बसवलेला होता. अपघाताच्या आधी त्याचं लक्ष मोबाइलवर होतं असं सरकारी चौकशीत दिसलं.

हे पान आरोग्याइतकंच पैशांचंही आहे, तेव्हा थोडं त्याबद्दल. न्यू जर्सीत 2014 पासून हातात फोन धरून बोलताना पहिल्यांदा सापडलात तर दंड 200 ते 400 डॉलर, दुसऱ्यांदा 400 ते 600, तिसऱ्यांदा 600 ते 800 आणि वर लायसन्सवर तीन पॉइंट. थांबलेली स्कूल बस ओलांडली तर पाच पॉइंट आणि किमान 100 डॉलर. माझ्यामागे त्या दिवशी पोलीस नव्हता एवढंच. तीन वर्षांत सहा पॉइंट झाले की राज्य वेगळा सरचार्ज लावतं. तो 150 डॉलरपासून सुरू होतो. इन्शुरन्सचा हप्ता वाढतो तो निराळाच. हात मोकळे ठेवून बोलायला मात्र मोठ्यांना पूर्ण परवानगी आहे. आणि आपल्या घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाला, ज्याचं लायसन्स अजून प्रोबेशनरी आहे, गाडी चालवताना हात मोकळे ठेवूनही फोन वापरायला याच राज्यात बंदी आहे! तरीही तो रात्री मित्राकडून निघाला की ‘कुठे आहेस, निघालास का’ म्हणून त्याला पहिला फोन कोण लावतं? आपणच.

2011 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, सगळ्या राज्यांना शिफारस केली होती की अत्यावश्यक प्रसंग सोडून चालकाला फोन वापरूच देऊ नये, हात मोकळे असले तरी. त्या वेळी बरीच ओरड झाली. हात मोकळे ठेवणाऱ्या सर्व चालकांना बंदी करणारा कायदा एकाही राज्याने केलेला नाही. दरम्यान, लक्ष विचलित झाल्याने झालेल्या अपघातांत या देशात 2021 साली 3,522 माणसं गेली आणि 2022 साली 3,308. पोलिसांच्या नोंदीवरून काढलेले हे आकडे आहेत. मेलेल्या चालकाच्या मनात काय चाललं होतं ते पोलिसांना कसं कळणार? म्हणून खरा आकडा मोठा असावा.

आमच्या घरी आता भारताचा फोन सव्वासातला होतो, स्वयंपाकघरात, स्पीकरवर, डबे भरता भरता. पंधरा मिनिटंच मिळतात. चाळीस मिनिटांची सवय लागलेल्या माणसांना पंधरा मिनिटं फार थोडी वाटतात, दोन्हीकडे. शनिवारी सकाळी मग सविस्तर बोलणं. पहिले काही दिवस आई धुसफुसत होती, “हल्ली लवकर ठेवतोस, कंटाळा येतो का आमचा?” शेवटी एका शनिवारी मी तिला आणि बाबांना स्कूल बसची गोष्ट सांगितली. त्या दिवशी हॉर्न कसला वाजला तेही सांगितलं. दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बाबा म्हणाले, “म्हणजे त्या पोरीच्या वेळी फोनवर मी होतो.” या वाक्याची मला कल्पनाच आली नव्हती. मी म्हटलं, “बाबा, गाडी मी चालवत होतो.”

तेव्हापासून फोन उचलला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : “घरात आहेस की गाडीत?” मागच्या आठवड्यात मी पार्किंग लॉटमध्ये गाडी उभी करून, इंजिन बंद करून त्यांना फोन लावला. हॅझर्ड दिवे चुकून चालू राहिले होते. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, “टिकटिक ऐकू येतेय मला. ठेव.” आणि त्यांनी फोन ठेवून दिला.